नफा झाला, मग पैसा गेला कुठे? छोट्या मसाला उद्योगाचा हिशेब

प्रश्न : आम्ही नवरा-बायको सांगलीत हळद पावडर, कांदा-लसूण चटणी आणि गोडा मसाला करून विकतो. महिन्याची विक्री सव्वा ते दीड लाख. निम्मी रोख आणि यूपीआयवर, निम्मी दुकानदारांना उधारीवर. धंदा चाललाय, पण हळदीच्या पोत्यांचे पैसे द्यायची वेळ आली की हात रिकामे. डायरीत रोज काहीबाही लिहितो, त्यातून काही उमगत नाही. हिशेब ठेवायला कसे शिकावे? टॅलीचा क्लास लावू का?

उत्तर :

ताई, टॅली म्हणजे संगणकावर हिशेब ठेवायचे सॉफ्टवेअर, त्याचे शेवटी बघू. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. नफा होतोय का, हा एक. पैसा कुठे जातोय, हा दुसरा. डायरीत आले-गेले एवढेच लिहिले की दोन्हींची उत्तरे मिळत नाहीत, म्हणून आधी एक महिना आकड्यांत मांडतो. आकडे कल्पित आहेत, पण तुमच्या मापाचे.

समजा महिन्याची विक्री १,४०,००० रुपये. महिन्याच्या सुरुवातीला घरात माल होता ६२,००० चा, महिनाभरात खरेदी (कच्चा माल, दळप, पाऊच, गाडीभाडे धरून) १,२२,००० ची, आणि महिनाअखेरीला माल उरला ७८,००० चा. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ६२ अधिक १२२ वजा ७८, बरोबर १,०६,०००. ढोबळ नफा ३४,०००. त्यातून वीजबिल, बाईंची मजुरी, फोन, स्टॉलभाडे, कर्जाचे व्याज असा १६,००० खर्च गेला. निव्वळ नफा १८,०००.

आता गल्ला बघा. घरातला माल १६,००० ने वाढला, तेवढे पैसे पोत्यांत अडकले. दुकानदारांकडची उधारी ३८,००० वरून ४९,००० झाली, म्हणजे ११,००० बाहेर राहिले. घरखर्चाला १४,००० उचलले. कर्जाच्या हप्त्यातले मुद्दल ४,०००. हे सगळे मिळून ४५,००० होतात आणि नफा आहे १८,०००. उरलेल्या २७,००० पैकी २०,००० तुम्ही व्यापाऱ्याचे थकवलेत, बाकी ७,००० हातातल्या पैशातून गेले. नफा अठरा हजार आणि रोकड सात हजारांनी कमी, दोन्ही एकाच महिन्यात आणि दोन्ही खरे. हिशेब शिकायचा तो ही मांडणी दर महिन्याला स्वतः करता यावी म्हणून. त्यातला एकेक आकडा कुठल्या वहीतून उचलायचा, ते आता.

पहिली वही रोजमेळ, म्हणजे रोजच्या आल्या-गेल्या पैशांची. दोनशे पानी, लांब आकाराची, कापडी बांधणीची घ्या. सुट्टी पाने किंवा स्प्रिंगची वही नको, पान फाटले तरी कळत नाही. एका दिवसाला एक पान. डाव्या हाताला जमा (आलेला पैसा), उजव्या हाताला नावे (गेलेला पैसा). दोन्हीकडे रकमेचे दोन रकाने आखा, एक रोख आणि एक बँक. फक्त रोख रकान्यापुरता एक दिवस असा दिसेल :

जमा
आरंभीची शिल्लक : ३,२४०
रोख विक्री, बिल क्र. ४११ ते ४२६ : ४,८६०
वसुली, मिरजेचे किराणा दुकान, बिल क्र. ३८७ पोटी : २,०००
एकूण : १०,१००

नावे
हमाली व रिक्षाभाडे : २६०
पाऊच व स्टिकर : १,१५०
घरखर्चासाठी उचल : १,५००
बँकेत भरणा : ५,०००
एकूण : ७,९१०
अखेरची शिल्लक : २,१९०

आता गल्ला मोजायचा. वही २,१९० म्हणते आणि नोटा-चिल्लर मिळून २,०७० भरले, तर १२० कुठे गेले ते त्याच रात्री आठवते : चहा, सुतळीचा बंडल, बदललेला बल्ब. आठवले तर त्या नावाने लिहा. नाहीच आठवले तर ‘रोकड तूट १२०’ अशी स्वतंत्र ओळ लिहून शिल्लक २,०७० करा. आकडा जुळवायला विक्रीतून १२० कमी करू नका. पुढे महिनाभराच्या तुटीची बेरीज केली की गळती किती ते कळते, आणि एकच माणूस गल्ल्यावर असताना तूट येते का, हेही. जास्त भरली तरी तसेच, ‘रोकड वाढ’. बहुतेक वेळा ती न लिहिलेली विक्री असते.

मोजल्याशिवाय रोजमेळ बंद करायचा नाही. या एका नियमावर बाकीची सगळी हिशेबाची इमारत उभी आहे. चार दिवसांचे एकदम लिहायला बसलात की आठवणीतून आकडे येतात आणि वही दिसायला नीटनेटकी, आतून पोकळ होते.

बँकेत भरणा केला तर रोख रकान्यात नावे ५,००० आणि बँक रकान्यात जमा ५,०००, अशा दोन नोंदी. खिशातला पैसा दुसऱ्या खिशात गेला, खर्च झाला नाही. नवख्या वह्यांत भरणा खर्चात आणि बँकेतून काढलेली रक्कम विक्रीत धरलेली सर्रास सापडते, मग नफ्याचा आकडा काहीही येतो. यूपीआयची विक्री मात्र रोख रकान्यात अजिबात घ्यायची नाही. दिवसाची एकूण रक्कम बँक रकान्यात एका ओळीत, आणि ती घ्यायची खात्याच्या विवरणातून. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. गर्दीच्या स्टॉलवर जुना स्क्रीनशॉट दाखवून जाणारेही भेटतात.

इथेच खात्याचा मुद्दा येतो. बिल एकाच्या नावाचे, क्यूआर कोड दुसऱ्याच्या बचत खात्याचा आणि त्याच खात्यातून घरचे वीजबिल, असे नवरा-बायकोच्या धंद्यात हमखास असते. धंद्याचा मालक कागदोपत्री कोण ते ठरवा. बिले, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), अन्न परवाना आणि क्यूआर कोड सगळे त्याच नावाने आणि वेगळ्या चालू खात्याला जोडलेले हवे. उद्यम नोंदणीला सरकारी फी नाही, कोणी मागितली तर देऊ नका. घरखर्चाला लागेल ती रक्कम महिन्यातून दोनदा, ठरवून, ‘उचल’ म्हणून घ्या. येता-जाता गल्ल्यातून शंभर-दोनशे काढायची सवय हा धंद्यातला सर्वांत महाग खर्च, कारण तो कुठेच लिहिलेला नसतो. स्वतःच्या स्वयंपाकघरात गेलेली चटणी आणि नणंदेला दिलेला मसाला हीही उचलच, पडत्या किमतीने, म्हणजे तो माल तुम्हाला जेवढ्याला पडला त्या किमतीने लिहायची.

एक गोंधळ आधीच मिटवतो, नाहीतर पुढे पुस्तक वाचताना डोके फिरेल. रोजमेळात आलेला पैसा ‘जमा’ लिहितो, तर पुस्तकात आणि टॅलीत रोकड आली की रोख खाते ‘नावे’ पडते. दोन्ही बरोबर. रोजमेळातली ओळ समोरच्या खात्याची असते : मिरजेच्या दुकानदाराने २,००० दिले, ते त्याच्या खाती जमा. खतावणीत (प्रत्येक खात्याला वेगळे पान असलेली दुसरी वही, ती पुढे येते) त्याच्या पानावर ती रक्कम जमेच्याच बाजूला चढते. रोकडीचे खाते स्वतः मात्र नावे होते. बँकेच्या पासबुकात तुमचा भरणा जमा दिसतो तोही याचमुळे, ती बँकेची वही आहे आणि त्यात तुम्ही बँकेचे धनको, म्हणजे बँक तुमचे देणे लागते.

दुसरी वही खतावणी. प्रत्येक उधारीच्या गिऱ्हाइकाला आणि प्रत्येक व्यापाऱ्याला एक पान. शिवाय विक्री, खरेदी, मजुरी, भाडे, वीज, उचल, कर्ज, यंत्रे अशी खात्यांची पाने. पंचवीस-तीस खाती पुरतात. ‘किरकोळ खर्च’ नावाचे पान ठेवले तर त्यावर मर्यादा घाला. महिन्याला हजाराच्या वर गेले की त्यातून नवे खाते काढायची वेळ आली.

दुकानदाराच्या पानावर तारीख, बिल क्रमांक, रक्कम, वसुली, बाकी. वसुली लिहिताना कोणत्या बिलापोटी ते लिहिलेच पाहिजे. नुसते ‘२,००० आले’ असे लिहीत गेलात की वर्षाने दुकानदार म्हणतो बाकी सहा हजार, तुमची वही म्हणते साडेनऊ, आणि कुणालाच सिद्ध करता येत नाही. परत आलेली पाकिटे (पाऊच फुटले, तारीख गेली) त्याच दिवशी क्रेडिट नोट (परत मालाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) करून त्याच्या बाकीतून वजा करा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला बाकीचा आकडा व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ‘बरोबर’ एवढे उत्तर घ्या. मग बाकीचे तीन गट पाडा : तीस दिवसांच्या आतली, तीस ते साठ, साठच्या पुढची. तिसऱ्या गटातल्या दुकानाला नवा माल रोखीनेच. मोठ्या खरेदीदाराशी व्यवहार असेल तर मुदत लेखी घ्या. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे, असा कायदा आहे. मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, प्राप्तिकरात वजा मिळत नाही. मुदत उलटली की त्याच्या हिशेबनिसाला एवढी आठवण करून द्या, मालकापेक्षा तो लवकर हलतो.

तिसरी वही मालाची, आणि मसाल्याच्या धंद्यात खरी फसगत इथे होते. भाव ठरवताना पोत्याचा दर डोक्यात असतो. तो पुरेसा नाही. समजा मार्केट यार्डातून २ क्विंटल राजापुरी हळकुंड १४,५०० रुपये क्विंटलने घेतले. झाले २९,०००. हमाली, तोलाई, गाडीभाडे ९००. दळप किलोला १० रुपये, म्हणजे २,०००. एकूण ३१,९००. पण पावडर २०० किलो मिळत नाही. निवडताना खडे-माती जाते, वाळवताना ओल जाते, दळताना उडते आणि चक्कीत राहते. ५ टक्के घट धरली तर हातात १९० किलो. ३१,९०० भागिले १९०, किलोला जवळपास १६८ रुपये. पाव किलोचे पाऊच स्टिकरसह साडेतीन रुपयांना पडत असेल तर किलोमागे १४. भरणी-सीलिंगची मजुरी आणि वीज ८. झाले १९०. दुकानदाराला २१० ने दिलीत तर किलोला २० सुटतात. तुमच्या मनात मात्र १४५ ची हळद २१० ला, म्हणजे ६५ सुटतात, असे असते. त्या पासष्टाच्या भरवशावर माणूस दहा रुपये सूट देतो आणि खऱ्या नफ्याचा निम्मा भाग देऊन बसतो.

घट ५ टक्केच धरा असे मी सांगत नाही. प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळच्या दळपाला, गेले किती, आले किती, वजन करून लिहा, पाच-सहा घाण्यांत तुमची सरासरी सापडेल. एखाद्या वेळी घट एकदम वाढली तर माल ओला आला असेल किंवा दळपवाल्याकडे पावडर राहिली असेल. विचारायला आकडा हाताशी असतो.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी माल मोजायचा : कच्चा, दळलेला, पॅक केलेला, आणि कोरे पाऊच. किंमत लावायची ती पडती, विक्रीची नव्हे. विक्रीच्या भावाने मोजलात तर न विकलेल्या मालाचा नफा आजच खाल्ल्यासारखे होते. आणि एक सापळा : ३० तारखेला पोती उतरली, बिल ३ तारखेला आले. मोजदादीत पोती धरली पण खरेदीत बिल नाही, तर नफा तेवढ्याने फुगतो. माल मोजला की त्याचे बिल, आले नसले तरी, त्याच महिन्यात धरायचे.

यंत्राबद्दल थोडक्यात. पल्व्हरायझर (मसाला दळायचे यंत्र) किंवा सीलिंग मशीन घेतले तर त्याची किंमत त्या महिन्याच्या खर्चात टाकू नका, ‘यंत्रे’ खात्यावर चढवा. वर्षाला घसारा लावायचा, म्हणजे वापराने घटलेली किंमत तेवढीच त्या वर्षाच्या खर्चात धरायची. प्राप्तिकरासाठी यंत्रांचा सर्वसाधारण दर १५ टक्के, आणि त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर निम्मा. हप्त्याचेही दोन तुकडे : ५,२०० च्या हप्त्यात व्याज १,२०० असेल तर खर्च तेवढाच, बाकी ४,००० कर्ज फिटले. बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागून घ्या, त्यात दर महिन्याची फोड असते.

बिलबुकावर छापील अनुक्रमांक हवा. बिल चुकले तर फाडून फेकू नका, दोन्ही प्रतींवर ‘रद्द’ लिहून बुकातच ठेवा. मधला नंबर गायब दिसला की तपासणाऱ्याला विक्री लपवल्याचा वास येतो. शेतकऱ्याकडून मिरची-हळद थेट घेता तेव्हा तो बिल देत नाही, म्हणून तुम्हीच खरेदी व्हाऊचर करा : नाव, गाव, वजन, दर, रक्कम, सही. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च प्राप्तिकरात धरला जात नाही. स्वतः पिकवलेला शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्याला दिलेली रोख त्याला अपवाद आहे, अडत्याला किंवा व्यापाऱ्याला दिलेली नाही. व्हाऊचरवर कोण ते स्पष्ट लिहिण्याचे कारण हे.

थर्मल कागदावरची बिले काही महिन्यांत कोरी होतात, आली त्या दिवशी फोटो किंवा झेरॉक्स काढा. कागदपत्रे आठ वर्षे सांभाळा. आणि सांगलीत तळमजल्यावर कपाटाच्या खालच्या खणात वह्या ठेवायच्या नाहीत, हे २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कुणाला सांगायला नको. दर रविवारी आठवड्याच्या पानांचे आणि मालाच्या वहीचे फोटो स्वतःलाच ईमेल करा. विमा कंपनी भरपाईच्या वेळी आधी मालाची नोंद मागते, भिजलेली पोती नंतर बघते.

कराचे तुमच्यापुरते एवढेच. वर्षाची उलाढाल साधारण १७ लाख आहे. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे, म्हणजे आज सक्ती नाही. पण मिरजेपासून कर्नाटकाची हद्द हाकेवर आहे. अथणीच्या किंवा चिकोडीच्या दुकानदाराने माल मागितला की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि तिला ही मर्यादा लागू नाही, पहिल्या बिलाआधी नोंदणी लागते. कंपोझिशन योजनेतही (छोट्या व्यावसायिकांसाठी जीएसटी भरायची सोपी पद्धत) राज्याबाहेर विक्री चालत नाही. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही, आणि खरेदी बिलावर भरलेला जीएसटी तुमच्या मालाच्या पडत्या किमतीत धरायचा. प्राप्तिकरात तुमच्या मापाच्या धंद्याला अंदाजित उत्पन्नाची योजना आहे : रोख विक्रीच्या ८ टक्के आणि बँक-यूपीआयने आलेल्या विक्रीच्या ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते. ‘मग वही कशाला’ असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. ती सवलत कर भरण्यापुरती आहे. वर ४५,००० कुठे गेले ते काढले, ते आठ टक्क्यांतून निघत नाही.

महिनाअखेरीला सगळ्या खात्यांच्या बाक्या एका पानावर उतरवून नावे आणि जमा यांची बेरीज करा, ही तेरीज. जुळली नाही तर फरकाला ९ ने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत, १,५४० चे १,४५० झाले असतील. नाहीतर फरकाचा निम्मा आकडा वहीत शोधा, ती रक्कम चुकीच्या बाजूला चढलेली असते. तेरीज जुळली म्हणजे सगळे बरोबर असे मात्र नाही. मिरजेच्या दुकानाची वसुली तासगावच्या दुकानावर चढवली तरी तेरीज जुळतेच, ती चूक फक्त व्हॉट्सॲपवरच्या ‘बरोबर’ने सापडते. त्याच दिवशी बँक रकान्याची शिल्लक विवरणाशी लावून घ्या. फरक बहुतेक वेळा न वटलेल्या चेकचा, बँकेच्या शुल्काचा, किंवा लिहायच्या राहिलेल्या यूपीआयचा असतो. चूक दुरुस्त करताना व्हाइटनर नको, एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही.

वाचायला अकरावी वाणिज्य शाखेचे पुस्तपालनाचे पाठ्यपुस्तक पुरे आहे, बालभारतीच्या संकेतस्थळावर मराठीत फुकट मिळते. त्यातले खतावणी, सहायक पुस्तके, बँक जुळवणी पत्रक आणि घसारा एवढे आधी करा. रोज एक उदाहरण, स्वतःच्या हाताने, उत्तर न बघता.

आता टॅली. दोन महिने हाताने वही लिहा, दोन तेरजा जुळवा, मग क्लास लावा. आधी लावलात तर कुठले बटण दाबायचे ते कळेल, उचल खर्चात का टाकायची नाही ते कळणार नाही, आणि सॉफ्टवेअर चुकीची नोंदही तितक्याच सुबक अक्षरात छापते. वहीचे पूजन पाडव्याला करा, पण टॅलीत सुरुवात १ एप्रिलपासून करा. त्यासाठी ३१ मार्चच्या रात्री एक यादी : मोजलेली रोकड, बँक, माल, प्रत्येक दुकानदाराकडची बाकी आणि यंत्रे एकीकडे. व्यापाऱ्यांचे देणे आणि कर्जाचे उरलेले मुद्दल दुसरीकडे. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचे भांडवल. हे आकडे भरल्यावर ताळेबंदात ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस’ अशी ओळ दिसली, तर यादीतले काहीतरी सुटले आहे, बहुतेक भांडवलाचा आकडाच. ती ओळ जाईपर्यंत एप्रिलचे पहिले व्हाऊचर टाकू नका.